छाट

फुकटचं औषध लागू पडत नाही, असं बाप म्हणायचा.
तो स्वतः तीस वर्षं फुकटच ओढत होता
आईच्या सुपातली छाट:
पान चिरलेली, तोंड नीट न मुडपलेली,
पोटाशी फुगलेली,
मुनीम घेणार नाही ती प्रत्येक विडी
आमच्या घरात पुरुषाच्या वाट्याची.

आता सूप राजमणीच्या मांडीवर आहे.
हजारामागे पंधरा-वीस वाकड्या निघतात.
मी आयुष्यात विडी विकत घेतली नाही,
त्यामुळे एक सोडली तर किती वाचतात
हा हिशेब मला कधी घालताच आला नाही.

मग छाती वाजायला लागली,
रात्री नळाला पाणी यायच्या आधी
पाइपात हवा बोलते तशी.

सिव्हिलला जिन्याखाली एक खोली आहे.
अत्तार मॅडमनी विचारलं, केव्हापासून?
सोडा, असं म्हणाल्या नाहीत.
एका नळीत फुंकायला लावलं. आकडा आला एकोणीस.
मी म्हटलं, हे मार्क आहेत का?
म्हणाल्या, धूर आहे.

खिडकीतून दोन पाकिटं मिळाली, सही घेऊन.
चघळायचं, जीभ झणझणली की गालात सारायचं,
गिळायचं नाही, वर लगेच चहा नाही.
मी पहिलंच शेंगदाण्यासारखं चावून टाकलं
आणि मोहदरीच्या घाटात उचक्या लागल्या.
कंडक्टर हसला, कोण हो आठवण काढतंय?
मला माहीत होतं कोण.

फुकट म्हणजे काय, तेही सांगतो.
सिन्नरहून नाशिकला जायचं भाडं, यायचं भाडं,
अर्ध्या दिवसाचा खाडा,
वर सुपरवायझरचं तोंड.
तरी पाकीट फुकट होतं, हे नाकारत नाही.
तेच मेडिकलमध्ये, किंमत वाचून, घ्यायची वेळ आली असती
तर मी दुकानाच्या पायरीवरच एक पेटवली असती.

सतरा दिवस काढले.
जेवणानंतरचा अर्धा तास सगळ्यात वाईट,
हातांना काही कामच नाही.
मी पोराच्या वह्यांना कव्हरं घातली,
शेजारच्यांच्याही.

अठराव्या दिवशी खिडकीवर कागद: साठा नाही.
चिकटपट्टी जुनी होती, पिवळी पडलेली.
हा कागद पूर्वीही लागलेला असणार.
अत्तार मॅडमनी ड्रॉवर उघडला, चार गोळ्या काढल्या.
कोणीतरी परत आणून दिल्यात, म्हणाल्या.
म्हटलं, त्याची सुटली वाटतं?
त्या नोंदवहीत बघत राहिल्या.
सोडणंच सोडलं त्याने.

घरी आलो तेव्हा राजमणीने काही विचारलं नाही.
कात्री चालू, पत्र्याच्या साच्यावर पान.
हात न थांबवता म्हणाली,
वाकड्या मी आता उलगडते.
पान जातं वाया, जर्दा परत सुपात.
रोजच्या वीस जास्त भरतात.

वीस विड्यांची मजुरी मी मनात केली.
एका दिवसाची चहालाही पुरत नाही.
महिन्याची मात्र धरली
तर नाशिकला एकदा जाऊन-येऊन निघतं.
त्या वीस पुढे कोणाच्या छातीत जातात,
ते तिने काढलं नाही,
मीही नाही.

चार गोळ्यांच्या पात्याने आठ केल्या.
मॅडम म्हणाल्या, सोमवारी फोन करा.
आज गुरुवार. तिसरा तुकडा गालात,
त्याची चव केव्हाच गेली.
भिंतीला टेकून ऐकत बसलोय:
पान, जर्दा, गुंडाळी, दोरा,
पान, जर्दा, गुंडाळी...

ही वाकडी गेली.
तिच्याआधी मला कळली.